माणसाला झिजवणारं प्रथिन लठ्ठ उंदराच्या चरबीत काय करत होतं?

तळटीप (धागाकर्ता)

वजन, इन्सुलिन, मधुमेह यांवरचे धागे इथे वरचेवर निघतात आणि दुसऱ्या पानावर 'तोंडावर ताबा ठेवा आणि चाला' इथे येऊन टेकतात. सल्ला बरोबरच आहे. पण मधली एक मोठी गोष्ट राहून जाते: चरबीत मुक्काम ठोकून असलेल्या रोगप्रतिकारक पेशी आणि त्या सोडत असलेली प्रथिनं. त्यावर नीट चर्चा व्हावी म्हणून हा धागा.

कॅन्सरमध्ये किंवा जुनाट संसर्गात माणूस खंगत जातो, अंगावरची चरबी आणि मांस दोन्ही उतरतं. हे घडवणारं प्रथिन शोधता शोधता न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात अँथनी सेरामी आणि ब्रूस बॉयट्लर 'कॅकेक्टिन'पर्यंत पोचले. १९८५ साली कळलं की गाठी मारतं म्हणून आधीच माहीत असलेलं टीएनएफ, म्हणजे ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, आणि हे कॅकेक्टिन एकच आहे. थोडक्यात, माणसाला हाडांचा सापळा करणारं प्रथिन.

आता गंमत बघा. १९९३ साली हार्वर्डमध्ये गोखान होतामिसलिगिल, ब्रूस स्पीगलमन आणि सहकाऱ्यांना तेच प्रथिन लठ्ठ उंदरांच्या चरबीत भरपूर प्रमाणात तयार होताना सापडलं. ते निष्प्रभ केल्यावर हे उंदीर इन्सुलिनला पुन्हा बऱ्यापैकी दाद देऊ लागले. १९९७ साली टीएनएफचं जनुकच नसलेले उंदीर खाऊ घालून लठ्ठ केले, तर ते लठ्ठ झाले खरे, पण त्यांचं इन्सुलिनचं गणित इतरांइतकं बिघडलं नाही.

झिजवणारं प्रथिन आणि लठ्ठपणा यांची सांगड कशी लागते? इन्सुलिन पेशीच्या पृष्ठभागावर येऊन बसलं की आतलं आयआरएस-१ नावाचं प्रथिन तो निरोप पुढे नेतं. टीएनएफमुळे पेशीतली जेएनके आणि आयकेके ही विकरं (एन्झाइम) चाळवली जातात आणि आयआरएस-१ वर भलत्या जागी फॉस्फेट चिकटवतात. निरोप तिथेच अडखळतो. शिवाय टीएनएफ मेदपेशीला साठा सोडायला लावतं. म्हणजे लठ्ठ माणसातही हे प्रथिन आपला जुना धंदाच करत असतं. फक्त सगळ्या शरीरभर नाही, तर चरबीच्या आत, हळूहळू, वर्षानुवर्षं. सुटलेली स्निग्धाम्लं जळत नाहीत, ती यकृतात आणि स्नायूंत जाऊन साचतात.

दहा वर्षांनी दुसरा धक्का. २००३ साली दोन वेगवेगळ्या गटांनी एकाच वेळी दाखवलं की हे टीएनएफ मुख्यतः मेदपेशी बनवतच नाहीत. ते बनवतात चरबीत घुसलेल्या मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी. सडपातळ प्राण्याच्या चरबीत त्यांचं प्रमाण एकूण पेशींच्या १० टक्क्यांच्या आत असतं. अतिलठ्ठ उंदरांत ते ५० टक्क्यांच्या वर जातं. निम्मी वस्ती! तोवर चरबी म्हणजे निव्वळ कोठार असं समजणाऱ्यांची चांगलीच पंचाईत झाली.

तूर्तास एवढंच. प्रश्न येऊ द्या, तसं लिहितो.

रिकामटेकडा

जबरी धागा. माझा प्रश्न अगदी पायाभूत आहे, हसू नका. सडपातळ माणसाच्या चरबीत तरी या पेशी करतात काय? तिथे ना जखम, ना जंतू.

शून्यविराम

+१, हेच विचारायला आलो होतो. वाचनखूण साठवली आहे.

तळटीप

हसण्यासारखं काही नाही, या विषयातला सगळ्यात रंगतदार भाग तोच आहे.

चरबीच्या ऊतीचं आकारमान बघितलं तर ९० टक्क्यांहून जास्त जागा मेदपेशींनी व्यापलेली असते. डोकी मोजली तर मात्र मेदपेशी अल्पमतात. उरलेल्यांत रक्तवाहिन्यांच्या पेशी, पूर्वज पेशी आणि रोगप्रतिकारक पेशी. सडपातळ अवस्थेत या रोगप्रतिकारक पेशींची जी मंडळी असते ती स्वभावाने शांत, आणि त्यांची एक साखळीच असते. आधार देणाऱ्या पेशींकडून आयएल-३३ नावाचं प्रथिन सुटतं (आयएल म्हणजे इंटरल्यूकिन, पेशींमधले निरोप नेणारी प्रथिनं). त्याने आयएलसी-२ या रोगप्रतिकारक पेशी जाग्या होतात. त्या आयएल-५ आणि आयएल-१३ सोडतात. आयएल-५ मुळे इओसिनोफिल, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, टिकून राहतात. इओसिनोफिल आयएल-४ पुरवतात. आयएल-४ आणि आयएल-१३ मिळत राहिलं की तिथल्या मॅक्रोफेज भांडखोर न होता साफसफाई-डागडुजीच्या कामात राहतात.

रक्ततपासणीच्या कागदावर ज्या इओसिनोफिलचा आकडा बघून आपण 'अ‍ॅलर्जी किंवा जंत' म्हणतो, त्या चरबीत शर्करेचा तोल सांभाळत असतील असं कुणाला वाटलं असतं? २०११ साली हे उंदरांत दाखवलं गेलं. इओसिनोफिल नसलेल्या उंदरांना स्निग्ध आहार दिल्यावर त्यांची चरबी वाढली आणि साखरेचं गणित बिघडलं.

या साखळीच्या जोडीला नियामक टी पेशी असतात, टी-रेग. शरीरात इतरत्र सीडी-४ जातीच्या टी पेशींमध्ये त्या दहा-पंधरा टक्के सापडतात. सडपातळ उंदराच्या पोटातल्या चरबीत मात्र निम्म्याहून जास्त. त्या आयएल-१० सोडतात, जे टीएनएफची धार कमी करतं. लठ्ठपणा आला की यांची संख्या घसरते. हे २००९ सालचं काम. त्याच सुमारास हेही दिसलं की सीडी-८ टी पेशी आधी चरबीत शिरतात आणि मागोमाग मॅक्रोफेजना बोलावून घेतात.

एक खबरदारी: टी-रेगचा हा भरणा उंदरांत ठसठशीत दिसतो, माणसात तितका नाही. उंदरावरून माणसावर उडी मारताना जरा दमाने.

काचपट्टी

मी पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत आहे, त्यामुळे 'मॅक्रोफेज घुसतात' म्हणजे प्रत्यक्षात काय दिसतं ते सांगते.

चरबीचा तुकडा मेणात बसवण्याआधी अल्कोहोल आणि झायलीनमधून जातो, त्यात आतलं तेल विरघळून निघून जातं. म्हणून भिंगाखाली मेदपेशी म्हणजे पांढरी मोकळी वर्तुळं, एकमेकांना खेटून, बारीक गुलाबी कडा असलेली. केंद्रक कडेला दाबून चपटं झालेलं. नवखा माणूस म्हणतो, 'इथे काहीच नाही, नुसती जाळी आहे.'

लठ्ठ व्यक्तीच्या पोटातल्या चरबीत ही वर्तुळं मोठी आणि लहानमोठी, बेंगरूळ दिसतात. मधेच एखाद्या वर्तुळाभोवती निळ्या-जांभळ्या केंद्रकांची गर्दी दिसते, दहा-पंधरा पेशी कडेने दाटीवाटीने उभ्या. याला मुकुटाकार रचना म्हणतात. मधली मेदपेशी मेलेली असते. ते कसं कळतं? जिवंत मेदपेशीच्या तेलाच्या थेंबाभोवती पेरिलिपिन नावाच्या प्रथिनाचं अस्तर असतं. त्याचा रंग दिला की शेजारच्या सगळ्या पेशींच्या कडा उठून दिसतात आणि मुकुटाच्या मधली पेशी कोरीच राहते. २००५ साली सिंटी आणि सहकाऱ्यांनी हेच मोजलं आणि लठ्ठ उंदरांच्या आणि माणसांच्या चरबीतल्या ९० टक्क्यांहून जास्त मॅक्रोफेज या मेलेल्या पेशींभोवतीच असल्याचं दाखवलं. काही ठिकाणी त्या एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांची एक भलीमोठी पेशी होते, कारण एवढा मोठा तेलाचा थेंब एकटीच्या आवाक्यातला नसतो.

हे एकदा पाहिलं की 'दाह' हा शब्द वर्तमानपत्री वाटत नाही. त्या तिथे मारामारी करायला आलेल्या नसतात, सांडलेलं तेल उचलायला आलेल्या असतात.

रिकामटेकडा

म्हणजे घर आवरायला बोलावलेली माणसं पथारी पसरून तिथेच राहायला लागली म्हणायची!

काचपट्टीताई, वर्णन लैच भारी. पण मेदपेशी मरतेच का मुळात?

काचपट्टी

फुगते म्हणून. लठ्ठपणात मेदपेशीचा व्यास १०० मायक्रॉनच्या पुढे जातो. रक्तवाहिनीतून ऑक्सिजन पाझरत पोचण्याची मर्यादाही साधारण तेवढ्यातच संपते. त्यात नव्या रक्तवाहिन्या त्या वेगाने फुटत नाहीत आणि भोवती तंतूंचं जाळं कडक होत जातं. गुदमरलेली पेशी एमसीपी-१ सारखी प्रथिनं सोडते, तीच मॅक्रोफेजसाठी हाक. ऑक्सिजनची कमतरता हे एकच कारण असं मात्र नाही. संपृक्त स्निग्धाम्लांमुळे टीएलआर-४ या ग्राहकामार्फतही दाहाचे संदेश सुरू होतात. हा ग्राहक मुळात जिवाणूंच्या कवचातला घटक ओळखण्यासाठी आहे.

उलटतपासणी

धागा चांगला आहे, प्रतिसादही. तरी मिठाचा खडा टाकतो.

टीएनएफ इतकं निर्णायक असेल तर ते रोखणारी औषधं संधिवातासाठी पंचवीसेक वर्षं बाजारात आहेत. मग मधुमेह त्यांनी का नाही बरा झाला? १९९६ सालीच लठ्ठ मधुमेही रुग्णांना टीएनएफविरोधी प्रतिपिंड देऊन पाहिलं होतं, इन्सुलिनचा प्रतिसाद तसूभरही सुधारला नाही. नंतरचे छोटे प्रयोगही यथातथाच.

आयएल-१ बीटा या दाहाच्या दुसऱ्या प्रथिनाचंही तेच. कॅन्टोस नावाची मोठी चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले आणि सीआरपी (रक्तातलं दाह दाखवणारं प्रथिन) चढं असलेले दहा हजारांवर रुग्ण. कॅनाकिनुमॅबने आयएल-१ बीटा रोखलं. हृदयविकाराच्या घटना कमी झाल्या, मान्य. पण मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना मधुमेह होणं त्याने टळलं का? नाही. गंभीर संसर्गाने होणारे मृत्यू मात्र थोडे वाढले.

उंदरांत सगळं बरं होतं. उंदीर व्हायचं असेल तर प्रश्नच मिटला.

शून्यविराम

शेवटचं वाक्य 😀

तळटीप

उलटतपासणी, मुद्दा खणखणीत आहे आणि तो टाळून या विषयावर लिहिताच येत नाही. पण चित्र तुम्ही म्हणता तेवढं कोरडंही नाही.

२००७ साली टाइप २ मधुमेहाच्या ७० रुग्णांवर अनाकिन्रा हे आयएल-१ चा ग्राहक अडवणारं औषध १३ आठवडे वापरलं गेलं. एचबीए१सीमध्ये (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) औषध आणि बिनऔषध गटांत ०.४६ टक्क्याचा फरक पडला. मजा अशी की इन्सुलिनला दाद देण्याची क्षमता जशीच्या तशी राहिली. सुधारलं ते स्वादुपिंडाचं इन्सुलिन बनवणं. म्हणजे प्रथिन दाहाचंच, पण त्याचा वार चरबीत नसून बीटा पेशींवर होता.

सॅल्सॅलेट या अ‍ॅस्पिरिनच्या कुळातल्या, म्हणजे सॅलिसिलेट गटातल्या औषधाची कथा तर शंभर वर्षांहून जुनी आहे. सॅलिसिलेटच्या मोठ्या मात्रेने लघवीतली साखर उतरते हे एकोणिसाव्या शतकात एब्श्टाइन यांनी नोंदवलं होतं. पुढे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. २००१ च्या सुमारास कळलं की ते आयकेके या विकराला आवर घालतं. हो, आयआरएस-१ वर फॉस्फेट चिकटवणारं तेच. मग ४८ आठवड्यांची चाचणी झाली, २०१३ साली निकाल आला: एचबीए१सी ०.३७ टक्क्याने कमी. चांगलं, पण डोळे दिपावेत असं नाही. वजन थोडं वाढलं, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढलं. बाजारात मधुमेहाचं औषध म्हणून ते आलं नाही. (आता कुणी उठून अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या खायला लागू नका. ती मात्रा हृदयासाठी देतात त्याच्या कितीतरी पट असते, पोटातून रक्त जाईल.)

आता माझं मत. चरबीतला दाह हा कुणा एका प्रथिनाचा कारभार नाही. एक रोखलं तर तेच निरोप दुसरं नेतं. आणि इंजेक्शनने दिलेलं प्रतिपिंड चरबीच्या आत, दोन पेशींमधल्या टीएनएफपर्यंत किती पोचतं हा वेगळाच प्रश्न. शिवाय ज्यांची मेदऊती वीस वर्षं अशी आहे त्यांच्यात तंतू, यकृतातली चरबी, दमलेल्या बीटा पेशी असं बरंच काही त्या प्रथिनावर अवलंबून न राहता आपापलं सुरू झालेलं असतं.

संधिवाताच्या रुग्णांच्या नोंदींत टीएनएफविरोधी औषधं घेणाऱ्यांना नव्याने मधुमेह होण्याचं प्रमाण कमी दिसलं आहे, तेही २०११ सालीच. त्यांच्या शरीरात टीएनएफ उधळलेलं असतं, म्हणून तिथे फरक दिसतो असं मला वाटतं.

उलटतपासणी

'एक रोखलं तर दुसरं' हे उत्तर सोयीचं आहे, कुठल्याही फसलेल्या औषधाला चालतं. पण असो.

माझ्याकडे अजून एक उदाहरण आहे. २००४ साली पंधरा लठ्ठ महिलांच्या पोटावरच्या कातडीखालची सुमारे १० किलो चरबी शोषून काढली. लायपोसक्शन. दहा ते बारा आठवड्यांनी तपासलं तर इन्सुलिनची दाद तीच, सीआरपी तेच, आयएल-६ तेच, टीएनएफ तेच. चरबी जर दाहाचा कारखाना असेल तर १० किलो कारखाना उचलून नेल्यावर काहीतरी हलायला हवं होतं.

तळटीप

हा प्रयोग मलाही फार आवडतो. त्यातून चरबीला क्लीन चिट मिळते असं मात्र नाही. काढली ती कातडीखालची चरबी. आतड्यांभोवतीची तिथेच, यकृतातली तिथेच. उरलेल्या मेदपेशी पूर्वीइतक्याच फुगलेल्या. उपाशी राहून किंवा आतड्याच्या शस्त्रक्रियेने १० किलो उतरतात तेव्हा प्रत्येक पेशी आकसते. इथे पेशींची संख्या घटली, आकार नाही.

याच्या उलट टोकाला पायोग्लिटाझोन बघा. मधुमेहाचं हे औषध मेदपेशींतल्या पीपीएआर-गॅमा या ग्राहकाला चालना देतं. नव्या, लहान मेदपेशी तयार होतात, अ‍ॅडिपोनेक्टिन हे मेदपेशींचं उपकारक प्रथिन वाढतं, यकृतातली चरबी उतरते, इन्सुलिनची दाद सुधारते. आणि वजन? वाढतं! चरबी वाढून साखर सुधारते. ज्यांना जन्मतः चरबीच जवळजवळ नसते, लिपोडिस्ट्रॉफीचे रुग्ण, त्यांना मधुमेह भयंकर होतो. साठवायला जागा नसली की तेल यकृतात आणि स्नायूंत जातं.

म्हणून किती चरबी यापेक्षा ती कोणत्या अवस्थेत आहे हे बघावं लागतं. आणि ती अवस्था कशी राहील हे ठरवण्यात वरच्या सगळ्या प्रथिनांचा हात आहे.

उलटतपासणी

हे पटलं. बराचसा.

हळूबाई

मी वाचनमात्र असते, पण आज लिहिते. मला ऱ्हुमॅटॉइडचा संधिवात आहे आणि टोसिलिझुमॅब चालू आहे. सांधे कितीतरी बरे आहेत, सीआरपी जवळजवळ शून्य. पण वजन वाढलं. एका डॉक्टरांना विचारलं तर 'बरं वाटतंय म्हणून खाणं वाढलं असेल' म्हणाले आणि पुढच्या रुग्णाकडे वळले. दाह कमी झाला की वजन उतरायला हवं ना, तुमच्या धाग्याच्या हिशोबाने? की माझंच काही चुकतंय?

तळटीप

हळूबाई, चुकत काही नाही. तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे.

तुमचं औषध आयएल-६ चा ग्राहक अडवतं. आयएल-६ हे दाहाचं प्रथिन म्हणून बदनाम आहे. लठ्ठ माणसाच्या रक्तात ते वाढलेलं असतं, स्वस्थ बसलेले असताना रक्तातल्या आयएल-६ पैकी साधारण एक तृतीयांश चरबीतून येतं, आणि यकृत त्याच्याच सांगण्यावरून सीआरपी बनवतं. म्हणून तुमचं सीआरपी शून्याला टेकलंय.

पण हेच आयएल-६ आकुंचन पावणारे स्नायूही सोडतात. कोपनहेगनच्या बेंटे क्लारलुंड पेडरसेन यांच्या गटाने हे उलगडलं. दीर्घ व्यायामात रक्तातलं आयएल-६ शंभरपटीपर्यंत चढू शकतं. त्याच्यासोबत टीएनएफ चढत नाही. उलट त्याच्या पाठोपाठ आयएल-१० आणि आयएल-१ ला अडवणारं प्रथिन, अशी दाह शमवणारी मंडळी येतात. व्यायाम संपला की तासाभरात ते उतरू लागतं. चरबीतून झिरपणारं आयएल-६ मात्र कमी पातळीवर दिवसरात्र चालू.

मग २०१९ साली याच गटाने पोट सुटलेल्या माणसांना १२ आठवडे सायकल मारायला लावली. निम्म्यांना टोसिलिझुमॅब, निम्म्यांना नुसतं सलाइन. ज्यांना औषध नव्हतं त्यांची पोटातली, अवयवांभोवतीची चरबी सुमारे २२५ ग्रॅमने उतरली. ज्यांना टोसिलिझुमॅब होतं त्यांची उतरलीच नाही. तेवढाच व्यायाम, तेवढाच घाम. त्याआधी २००२ साली आयएल-६ नसलेले उंदीर उतारवयात लठ्ठ होतात हेही दिसलं होतं.

तेव्हा या औषधावर वजन वाढणं ही नोंदलेली गोष्ट आहे, मनाचे खेळ नाहीत. जुना दाह आटोक्यात आला की शरीराची होणारी झीज थांबते, तेही एक कारण. टीएनएफविरोधी औषधांवरही थोडं वजन वाढतं. मात्र एवढ्यावरून औषध बंद करू नका, सांधे एकदा गेले की परत येत नाहीत. आणि व्यायाम फुकट जातो असाही अर्थ काढू नका. दम या औषधावरही वाढतो, त्या चाचणीतही वाढला होता. संधिवाताच्या डॉक्टरांना थेट विचारा: याच कामासाठी दुसऱ्या गटातलं औषध मला चालेल का? प्रश्न रास्त आहे.

हळूबाई

मनापासून आभार. निदान प्रश्न कसा विचारायचा ते तरी कळलं.

काचपट्टी

हळूबाई, एक पुरवणी. टोसिलिझुमॅब चालू असताना सीआरपी मुळातच दबलेलं राहतं. त्यामुळे ताप-खोकला झाला आणि सीआरपी 'नॉर्मल' आलं म्हणून निर्धास्त राहू नका. नव्या डॉक्टरांकडे गेलात तर औषधाचं नाव आधी सांगा.

शून्यविराम

सीआरपीचा विषय निघालाच आहे तर. मी हौसेने एचएस-सीआरपी (सीआरपीची जास्त बारकाईने मोजणारी तपासणी) करून घेतलं, ४.२ आलं. 'दाह जास्त' असं छापून आलंय. माझ्या चरबीत आग लागलीय का?

काचपट्टी

एका आकड्यावरून चरबीबद्दल काही सांगता येत नाही. १ च्या खाली असेल तर हृदयाच्या दृष्टीने धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त असे टप्पे धरतात. पण हिरड्या सुजल्या, सर्दी झाली, गुडघा मुरगळला तरी आकडा चढतो. १० च्या वर गेला तर आधी संसर्ग शोधायचा. दोन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा करा, तेव्हा अंगात बारीकसारीक काही दुखणं नसावं.

वजन उतरलं की सीआरपी उतरतं, हे मात्र पक्कं. मग ते आहाराने उतरो, शस्त्रक्रियेने उतरो की सेमाग्लुटाइडसारख्या इंजेक्शनांनी. २०२३ च्या सिलेक्ट चाचणीत १७,६०४ लोक होते, हृदयविकार असलेले पण मधुमेह नसलेले. हृदयाच्या गंभीर घटना २० टक्क्यांनी कमी झाल्या आणि सीआरपीही बरंच घसरलं.

रिकामटेकडा

आतापर्यंतचा हिशोब: टीएनएफ वाईट, पण रोखून फायदा नाही. आयएल-६ वाईट, पण नसेल तर व्यायाम वाया. मग दाह सरसकट बंदच केला तर? म्हणजे चरबीपुरता. सांगा, काय होईल?

तळटीप

करून पाहिलंय. २०१४ साली फिलिप शेरर यांच्या गटाने असे उंदीर तयार केले ज्यांच्या मेदपेशींना दाहाचे निरोप ऐकूच येत नाहीत. शेरर म्हणजे अ‍ॅडिपोनेक्टिन शोधणाऱ्यांपैकी एक. अपेक्षा अशी की हे उंदीर खाऊनपिऊन ठणठणीत राहतील.

झालं उलटं. त्यांची चरबी नीट पसरू शकली नाही, नव्या मेदपेशी आणि रक्तवाहिन्या पुरेशा तयार झाल्या नाहीत. मग तेल गेलं यकृतात, आणि साखरेचं गणित बिघडलं. चरबी वाढताना जुनी चौकट मोडून नवी बांधावी लागते आणि त्या मोडतोडीला थोडा, वेळेवर थांबणारा दाह लागतो.

शांत पेशींचंही तसंच. वर टी-रेगचं कौतुक केलं ना? २०१५ साली दिसलं की उंदीर म्हातारे होतात तेव्हा त्यांच्या चरबीत टी-रेग घटत नाहीत, वाढतात. आणि तिथे त्या काढून टाकल्या तर म्हातारपणी शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, ते टळतं. लठ्ठपणातल्या बिघाडावर याचा काही उपयोग होत नाही, फक्त वयामुळे होणाऱ्या.

उलटतपासणी

आता कसं, थोडं थोडं माझ्या बाजूला आलात. 'अँटी-इन्फ्लमेटरी' असं लिहिलेली कुठलीही पुडी किंवा गोळी विकणाऱ्याला हा प्रतिसाद छापून द्यायला हवा.

तळटीप

आधीपासून तिथेच होतो हो. पुडीवाल्यांच्या बाबतीत शंभर टक्के सहमत.

शून्यविराम

शेवटचा प्रश्न. वजन उतरवलं की या पेशी आपल्या गावी परत जातात का?

तळटीप

बऱ्याच जातात, पण सगळं पूर्ववत होत नाही. वजन उतरताना तर सुरुवातीला मॅक्रोफेज उलट वाढतात, कारण साठ्यातून भराभरा सुटणारं तेल उचलायला कुणीतरी हवं. पुढे संख्या कमी होते.

२०२४ साली झुरिकच्या एका गटाने लठ्ठपणाची शस्त्रक्रिया झालेल्या लोकांच्या चरबीचे नमुने शस्त्रक्रियेच्या वेळी आणि दोन वर्षांनी असे तपासले. वजन भरपूर उतरलेलं, तरी कित्येक जनुकांचं वागणं लठ्ठ असतानाच्या वळणावरच होतं. उंदरांत त्यांनी मेदपेशींच्या डीएनएभोवतीच्या खुणाही पाहिल्या. त्याही टिकून होत्या, आणि असे उंदीर पुन्हा स्निग्ध आहारावर गेल्यावर इतरांपेक्षा झपाट्याने वजन वाढवत होते. मेदपेशी वर्षाला साधारण १० टक्के बदलतात हे २००८ सालापासून माहीत आहे. म्हणजे जुन्या वळणाच्या बऱ्याच पेशी निघून जायला दहाएक वर्षं तरी लागणार. उतरलेलं वजन राखण्यासाठी औषध किती काळ चालू ठेवायचं या वादात हा मुद्दा आता हमखास येतो.

रिकामटेकडा

दहा वर्षं! आणि आम्हाला सांगतात चिकाटी नाही.

अवांतर: लेप्टिनचं नाव या धाग्यात कसं नाही आलं? भूक तेच ठरवतं ना?

तळटीप

मुद्दाम बाहेर ठेवलंय, नाहीतर इथे दुसरं काही झालं नसतं. लेप्टिन भुकेबरोबर टी पेशींनाही हाकतं. जन्मतः लेप्टिन नसलेली मुलं प्रचंड लठ्ठ होतात आणि वारंवार संसर्गाने आजारी पडतात. लेप्टिनची इंजेक्शनं दिली की दोन्ही सुधारतं. त्यावर वेगळा धागा काढतो. तिथेच अ‍ॅडिप्सिनही घेऊ. हे प्रथिन मेदपेशी बनवतात हे १९८७ सालीच सापडलं होतं, पण ते रक्तातल्या कॉम्प्लिमेंट यंत्रणेचा 'फॅक्टर डी' आहे हे काही वर्षांनी लक्षात आलं. ही यंत्रणा जंतूंना भोकं पाडते. मेदपेशीला त्यात का पडावंसं वाटलं, ते पुढच्या धाग्यात.

काचपट्टी

पुढील भागाच्या प्रतीक्षेत. त्या धाग्यात स्लाइडचं काम असेल तर हाक मारा.